आठवडा ४० तासांचा केला तर माणसं वाढतील की माल कमी निघेल?

लेथवाला (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. भोसरीत माझं छोटं मशिन शॉप आहे. सहा व्हीएमसी (धातू कापणारी संगणकीकृत मशिनं), दोन पाळ्या, गुरुवारी सुट्टी. मोठ्या कंपनीच्या व्हेंडरचे व्हेंडर आम्ही, म्हणजे शेपटाचं शेवटून दुसरं मणकं.

एका गिऱ्हाइकाची मूळ कंपनी परदेशातली आहे. त्यांनी सगळ्या सप्लायरना एक फॉर्म धाडलाय. पाण्याचा वापर, स्क्रॅपची विल्हेवाट वगैरे नेहमीचं आहेच, पण एक प्रश्न असा: "आठवड्याचे कामाचे तास ४८ वरून कमी करण्याची योजना आहे का? असल्यास उत्पादन व मनुष्यबळावर होणारा परिणाम लिहा."

कागदावरचं गणित सोपं आहे. १२ ऑपरेटर गुणिले ४८ म्हणजे ५७६ तास. तेवढेच तास ४० च्या आठवड्यात बसवायचे तर १४.४ माणसं लागतात. म्हणजे अडीच माणसांना रोजगार मिळाला, टाळ्या! पण महिन्याचा पगार तोच ठेवला तर तासाचा दर २० टक्क्यांनी चढतो, आणि गिऱ्हाईक दरवर्षी 'प्राइस डाउन' मागतं, अप नाही.

जिथे तास खरंच कमी झालेत तिथे काय झालं? भरती वाढली का? माल तेवढाच निघाला का? अनुभव लिहा. "कामगारांना आराम हवाच" यावर माझं दुमत नाही, त्यामुळे तो वाद नको.

---

पोहे_विदाऊट_शेव

०.४ माणूस मी. घरी विचारून खात्री करून घ्या.

---

कोडगा

आयटीतला असल्यामुळे हसू आलं. आमच्याकडे २०२३ मध्ये ७० तासांचा उपदेश झाला, २०२५ मध्ये दुसऱ्या साहेबांनी तो ९० वर नेला. तुम्ही ४० चा धागा काढता. देशद्रोही कुठले.

गंभीरपणे: २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ६१ कंपन्यांनी सहा महिने चार दिवसांचा आठवडा करून पाहिला. सुमारे २,९०० लोक, पगारात कपात नाही. ५६ कंपन्यांनी नंतरही तो चालू ठेवला. उत्पन्न घसरलं नाही, आजारपणाच्या रजा आणि नोकरी सोडणारे दोन्ही निम्म्याहून खाली आले. मग तुमचं उत्पादन का पडावं?

---

आकडेमोडे

@कोडगा, त्या ६१ कंपन्या स्वतःहून आल्या होत्या. ज्यांना जमणार असं वाटत होतं त्यांनीच हात वर केला. त्यात बऱ्याच मार्केटिंग, सल्लागार आणि तत्सम ऑफिसातल्या. ऑफिसात दोन तासांची मीटिंग चाळीस मिनिटांत उरकता येते. व्हीएमसीवर अकरा मिनिटांचा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) असेल तर ऑपरेटर कितीही ताजातवाना असो, अकरा मिनिटं लागणारच.

त्या आकड्यांत लोकांच्या नजरेतून सुटतं ते वेगळंच आहे. नोकरी सोडणारे निम्म्याहून कमी झाले. भरतीचा मोठा भाग सोडून गेलेल्यांच्या जागा भरण्यात जातो. म्हणजे तास कमी केल्यावर अशी कंपनी कदाचित कमीच माणसं नव्याने घेईल. कंपनीच्या दृष्टीने उत्तम, पण 'रोजगार वाढला' या सदरात ते बसत नाही.

---

कोडगा

बरं, मान्य. मीटिंगा कापायची मुभा तुम्हाला नाही. पण टूल बदलणं, गेज शोधणं, ड्रॉइंगची वाट बघणं यात किती वेळ जातो ते मोजलंय का कधी?

---

लेथवाला

@कोडगा, चांगलं बोट ठेवलंत. नवा जॉब लावला की फिक्स्चर, टूल ऑफसेट, मग पहिला पीस. तो पीस घेऊन ऑपरेटर क्वालिटीकडे जातो आणि क्वालिटीवाला चहाला गेलेला असतो. मशिन बंद, हिरवा दिवा पिवळा. हा वेळ नक्की वाचवता येईल. पण तो वाचवायचा उपाय आठ तासांच्या पाळीतही तोच आहे. तास कमी केल्याने क्वालिटीवाल्याचा चहा आपोआप आटत नाही.

---

मृण्मयी_स्टुटगार्ट

इथे धातू उद्योगात आठवडा ३५ तासांचा आहे. मी एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे, त्यामुळे हे रोजचं आहे. जरा लांबण लागेल.

हे फुकटात मिळालेलं नाही. १९८४ मध्ये आयजी मेटल या युनियनने मोठा संप केला. घोषणा ३५ ची होती, तडजोड ३८.५ वर झाली आणि प्रत्यक्ष ३५ यायला १९९५ उजाडलं. युनियनचं म्हणणं तेव्हा तुमच्या गणितासारखंच होतं, की काम वाटून घेऊ, बेकारी कमी होईल. बदल्यात मालकांनी लवचिकता मागून घेतली. ३५ हा वर्षाचा सरासरी हिशेब. या आठवड्यात ४०, पुढच्यात ३०, असं चालतं. प्रत्येकाचं तासांचं खातं असतं, बँकेसारखं. ऑर्डर तुडुंब असली की खात्यात तास जमा, मंदीत ते वापरून घरी. मशिन कधी ३५ तास चालत नाही. माणूस ३५ तास, मशिन त्याच्या दुप्पट-तिप्पट.

भरती वाढली का? माझ्या डोळ्यांसमोर असं कधी झालं नाही की तास कमी झाले आणि दारावर पाटी लागली. झालं ते उलट दिशेने: मंदी आली तेव्हा माणसं कमी झाली नाहीत. फोक्सवॅगनने १९९३ च्या शेवटी करार केला, आठवडा २८.८ तासांचा, वर्षाच्या कमाईत घट, पण ३०,००० नोकऱ्या वाचल्या. पुढे २००६ मध्ये तास परत वाढवले, तेव्हा पगार मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. २००९ च्या मंदीत सरकारने कमी झालेल्या तासांच्या पगाराचा काही भाग दिला, साधारण ६० टक्के, मुलं असली तर ६७. कुशल माणूस हातून गेला नाही, ऑर्डरी परतल्या तेव्हा सगळे जागेवर होते.

आणि पूर्व जर्मनीत ३५ तासांसाठी २००३ मध्ये संप झाला, तो पार फसला. हेही सांगायला हवं.

---

संस्कृतीपुत्र

आमचे आजोबा पहाटे चारला उठून रात्री दहापर्यंत राबायचे. त्यांना कुणी आठवडा विचारला नाही. ही सगळी पाश्चात्य थेरं.

---

पोहे_विदाऊट_शेव

@संस्कृतीपुत्र, आजोबा स्वतःच्या शेतात राबायचे की भोसरीत कुणाच्या व्हीएमसीवर? (ह. घ्या.)

---

गिरणगावचा नातू

थेरं पाश्चात्य नाहीत हो, चांगली लालबाग-परळची आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. मालकांना रविवारची सुट्टी मान्य करायला १८९० चा १० जून लागला. आज रविवारी दुपारी दोनपर्यंत लोळणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी त्या माणसाचं नाव घ्यावं.

पुढे विजेचे दिवे गिरण्यांत आले आणि सूर्यास्ताची अटच उडाली. काही ठिकाणी चौदा-पंधरा तास काम. मग कायदे आले: १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४, १९४६ मध्ये ४८. डॉ. आंबेडकर १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते, आठ तासांचा पाठपुरावा त्या काळातला.

आता धाग्याच्या मुद्द्याला धरून. तास उतरले तसा मालकांनी काय विचार केला? एका माणसाचा दिवस लहान झाला, पण साचा (माग) काही थकत नाही. दोन पाळ्या लावा. तीसच्या दशकात मुंबईत रात्रपाळी पसरत गेली. आठ तास झाल्यावर तर दिवसाचे बरोबर तीन तुकडे पडले. बारा तासांच्या दिवसात दोनच तुकडे पडतात आणि रात्रीच्या बारा तासांना माणूस टिकत नाही. म्हणजे माणसं वाढली, पण ती तास कमी केल्याच्या पुण्याईने नव्हे. यंत्र जास्त वेळ चालवणं शक्य झालं म्हणून. कापडाला मागणी नसती तर तिसरी पाळी कुणी लावली नसती.

आणि दांडी-सुट्टीची भर बदली कामगारांनी घातली. माझे आजोबा वर्षानुवर्षं बदली होते. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणाचा खाडा असला तर आत, नाहीतर परत खोलीवर. लेथवाले, तुमचा ०.४ माणूस तो हाच.

---

वहिफणी

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. इचलकरंजीत यंत्रमागावर आजही बारा तासांची पाळी आहे. कामगार, कांडीवाला, जॉबर, सगळ्यांची मजुरी कामावर, तासावर नाही. विणणाऱ्याला मीटरवर पैसे मिळतात. त्याला जाऊन म्हणा, "दादा, उद्यापासून आठच तास." तो विचारेल, "आणि चार तासांचं कापड कोण विणणार, तुझा काका?"

पीस रेट असेल तिथे तास कमी म्हणजे पगार कमी, एवढाच अर्थ. तिसरी पाळी लावायला माणसं मिळायला हवीत, ती बाहेरच्या राज्यातून आणावी लागतात, आणि राहायला खोल्या कुठे? खर्चीवाल्याकडे (दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणाऱ्याकडे) आठ माग असतात, तोच मालक, तोच कामगार, बायको कांड्या भरते. त्याच्या घरात आठवडा कोण मोजणार?

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात. इथे सगळे 'माल' मोजताहेत म्हणून लिहिते. आमच्याकडे माल म्हणजे पेशंट, आणि तो चोवीस तास पेशंटच असतो. तास कमी केले तर तेवढी माणसं घ्यावीच लागतात, दुसरा मार्ग नाही. न घेतल्यास काय होतं तर एकीच्या वाट्याचे पेशंट वाढतात.

आणि एक खर्च कुणी धरलेला नाही. पाळी लहान केली की ओव्हर देण्याच्या वेळा वाढतात. बेड नंबर ७ चं ड्रेन किती आलं, ११ नंबरचं अँटिबायोटिक कधी बदललं, कोणाचा रिपोर्ट यायचाय, हे सगळं पुढच्या सिस्टरला सांगायचं, कागदावर सही. घाईत एखादी गोष्ट राहते आणि तीच नेमकी महत्त्वाची असते. बारा तासांच्या पाळीत ओव्हर दोनदा, आठच्या पाळीत तीनदा. तरीही मी आठ तासच निवडेन, कारण अकराव्या तासाला औषधाची बाटली मी दोनदा वाचते.

---

आकडेमोडे

@रात्रपाळी, फ्रान्सच्या सरकारी हॉस्पिटलांत अगदी हेच झालं. तिथे ३५ तासांचा कायदा २००२ पासून हॉस्पिटलांना लागू झाला, नर्सेस पुरेशा नव्हत्या, भरपाईच्या सुट्ट्यांचे ढीग साचले आणि त्या द्यायच्या कशा हा प्रश्न वर्षानुवर्षं पुरला.

फ्रान्सवर येतोच, कारण लेथवाल्यांच्या प्रश्नाला सर्वात जवळचं उदाहरण तेच आहे. मजूरमंत्री मार्टिन ओब्री यांनी १९९८ आणि २००० मध्ये दोन कायदे आणले, ३९ वरून ३५ तास. वीसहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना २००० पासून, छोट्यांना दोन वर्षांनी. हेतू उघडपणे रोजगार वाढवण्याचा. सरकारी अंदाजानुसार साडेतीन लाखांच्या आसपास नोकऱ्या तयार झाल्या. पण त्याच कायद्याने मालकांना सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीत घसघशीत सूट दिली होती, अर्थव्यवस्थाही तेव्हा जोरात होती. मग नोकऱ्या तास कमी झाल्याने आल्या, की सवलतीने, की तेजीने?

याची एक मजेदार परीक्षा दोन अर्थशास्त्रज्ञांनी, शमाँ आणि वास्मेर यांनी, २००९ मध्ये छापली. आल्सास-मोझेल या भागाला जर्मन काळापासून दोन जादा सुट्ट्या आहेत, गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर. कायदा आल्यावर तिथल्या मालकांना त्या सुट्ट्या हिशेबात धरता आल्या, म्हणून तिथे तास बाकी फ्रान्सपेक्षा कमी घटले. तास जास्त घटले तिथे नोकऱ्या जास्त वाढायला हव्या होत्या ना? तसा फरक सापडला नाही.

माझं मत: काम म्हणजे ठरावीक ढीग, तो जास्त जणांत वाटला की जास्त जणांना मिळेल, हे गृहीतकच चुकीचं. खर्च वाढला की ढीगच लहान होतो.

---

मधली सुट्टी

@आकडेमोडे, हे जरा एकतर्फी होतंय. 'फरक सापडला नाही' याचा अर्थ नोकऱ्या गेल्या असाही नाही. चार तास कमी करून रोजगार तेवढाच राहिला तर कामगाराला फुकटात चार तास मिळाले ना? आणि केलॉग या सीरिअलच्या कंपनीचं काय? १९३० च्या डिसेंबरात, ऐन महामंदीत, मिशिगनमधल्या कारखान्यात त्यांनी आठ तासांच्या तीन पाळ्या मोडून सहा तासांच्या चार केल्या. आख्खी एक पाळी नव्याने भरली. माणसं घेतली की नाही?

---

आकडेमोडे

घेतली. पण कारखाना आधीच चोवीस तास चालत होता आणि लोक मंदीतही सकाळी सीरिअल खात होते. मागणी पक्की, यंत्रं पूर्ण वेळ चालू. तिथे गणित कागदाबरहुकूम उतरतं. दैनिक कमाई सुरुवातीला कमी झाली हे विसरू नका. आणि महायुद्धानंतर बहुतेक कामगारांनी स्वतःच आठ तास परत मागितले, पैशासाठी. सहा तासांचे शेवटचे विभाग १९८५ मध्ये बंद झाले.

---

मधली सुट्टी

म्हणजे पन्नासेक वर्षं चाललं. तुमच्या कुठल्या थिअरीने एवढी वर्षं काढली?

---

पोहे_विदाऊट_शेव

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

---

शिक्का

राज्य सरकारचा नोकर म्हणून नोंद करतो. २९ फेब्रुवारी २०२० पासून आम्हाला पाच दिवसांचा आठवडा झाला. लगेच शिव्या देऊ नका, वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा केली. रोजची पाऊण तासाची वाढ शनिवारच्या बदल्यात. भरती? माझ्या कार्यालयात एकही टेबल वाढलं नाही, रिकाम्या खुर्च्या होत्या त्या रिकाम्याच. फाइल शनिवारी हलायची नाही ती आता शनिवारी हलत नाही हे अधिकृत झालं, एवढाच फरक.

बँकवाल्यांचीही मागणी हीच आहे. २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बंद, आता बाकीचेही बंद करून रोज ४० मिनिटं जादा. सांगायचा मुद्दा असा की आपल्याकडे 'कमी दिवस' म्हणजे बहुतेक वेळा तास तेच, फक्त घडी वेगळी.

---

चलनवाला

पीएफ-ईएसआयची (भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा) कामं करतो, म्हणून कायद्याचं बोलतो. @शिक्का बरोबर बोलले. कारखाने कायदा घ्या किंवा नवी कामगार संहिता, आठवड्याची मर्यादा ४८ तासच. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे कमाल तास ९ वरून १२ करायला मंजुरी दिली, ओटीची (ओव्हरटाइमची) तिमाही मर्यादाही ११५ वरून १४४ तास. आता लोक "चार दिवसांचा आठवडा आला" म्हणून नाचताहेत. चार गुणिले बारा अठ्ठेचाळीस. पाढे पाठ करा.

आता लेथवाल्यांचं गणित. नवा माणूस घेतला तर पगारावर पीएफ १२, ईएसआय ३.२५, बोनस किमान ८.३३, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१, सगळं मिळून तीस टक्क्यांच्या आत-बाहेर. वर रजा, बूट, युनिफॉर्म, शिकवण्याचा वेळ. म्हणजे साध्या पगाराचा तास १ धरला तर नव्या माणसाचा तास साधारण १.३ ला पडतो. जुन्या माणसाचा ओटीचा तास कायद्याने दुप्पट, म्हणजे २ ला. कायद्याने हे मुद्दाम केलंय, ओटी महाग पडावी आणि मालकाने माणूस घ्यावा. पण भोसरी-चाकणच्या छोट्या शॉपमध्ये ओटी कशी मिळते? सिंगल, म्हणजे साध्याच दराने. हजेरीच्या वहीत नाही, वेगळ्या वहीत. मग ओटीचा तास १ ला पडतो आणि नवा माणूस १.३ ला. कुठला मालक भरती करेल? आठवडा ४० चा करा नाहीतर ३० चा, सिंगल ओटी आहे तोवर उरलेले तास ओटीतच जाणार.

लेथवाले, वैयक्तिक प्रश्न: तुमच्याकडे एकूण डोकी किती?

---

लेथवाला

अठरा. कळलं मला कुठे नेताय ते.

---

चलनवाला

नेतोच. वीसला पीएफ लागू. अडीच माणसं घेतली की तुम्ही एकवीस. आणि एकदा लागू झाला की पुन्हा अठरावर आलात तरी सुटत नाही. कॉन्ट्रॅक्टरची माणसंही मोजणीत येतात, तिकडून घेतो म्हणाल तर तोही रस्ता नाही.

---

मधली सुट्टी

म्हणजे अठरा जणांना आजवर पीएफ नाही? लेथवाले, आराम द्यायच्या आधी हे बघा की.

---

लेथवाला

@मधली सुट्टी, ईएसआय सगळ्यांची आहे. पीएफ मी स्वेच्छेने घेऊ शकतो हे ठाऊक आहे, आणि ऑपरेटरच नको म्हणतात, हातात कमी येतं म्हणून. हे तुम्हाला पटणार नाही. दोन दिवस कारखान्यात येऊन बसा, मग बोलू.

---

मधली सुट्टी

पटत नाहीच. पंचविशीतला मुलगा नको म्हणेल, पंचावन्नाव्या वर्षी तुमच्याकडेच उचल मागायला येईल.

---

संस्कृतीपुत्र

मूळ प्रश्न राहिला बाजूला. गुरुवारी सुट्टी का असते ते सांगा आधी. रविवारी का नाही?

---

लेथवाला

वीज मंडळाची जुनी व्यवस्था. सगळ्या औद्योगिक भागांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून वार वाटून दिले, आमच्या वाट्याला गुरुवार आला. मुलांच्या शाळेला सुट्टी रविवारी, आमची गुरुवारी. लग्नाला जायचं तर खाडाच करावा लागतो.

---

पोहे_विदाऊट_शेव

आणि गुरुवार असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी मटण नाही. आठवडा कमी करण्याआधी वार बदला, कामगार तुमची मिरवणूक काढतील.

---

वहिफणी

+१. हा या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

---

गिरणगावचा नातू

विजेवरून आठवलं. ब्रिटनमध्ये १९७४ च्या जानेवारी ते मार्च कोळसा वाचवण्यासाठी कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज दिली होती. उत्पादन चाळीस टक्क्यांनी पडायला हवं होतं, तेवढं मुळीच पडलं नाही. आकडेमोडे, याचं काय?

---

आकडेमोडे

दोन महिने कुणीही दम धरून धावतो. आणि नोकऱ्या जातील या धास्तीने लोक काम उरकत होते. त्यावरून कायमचा आठवडा ठरवू नये. पण हे मान्य की पाच दिवसांत जे होतं ते सगळं पाच दिवसांचं काम नसतं.

---

मृण्मयी_स्टुटगार्ट

लेथवाले, तुमच्या फॉर्मसाठी माझी सूचना. सगळ्यांना एकदम शनिवार देऊ नका, मशिन बंद पडतील आणि तास बुडतील. जादा सुट्टी फिरती ठेवा: १२ जणांच्या आठवड्याला १२ पाळ्या रिकाम्या पडतात, एक रिलिव्हर (सुट्टीवाल्याच्या जागी उभा राहणारा) पाच भरतो. दोन रिलिव्हर घेतलेत तर दहा भरल्या. उरलेल्या दोन पाळ्या रिकाम्या ठेवा आणि मशिनची देखभाल त्यात करा, नाहीतरी ती तुम्ही ब्रेकडाउन झाल्यावरच करत असाल. :)

अडचण एकच. रिलिव्हरला सहाही मशिनं यायला हवीत. तो नवखा चालत नाही, सर्वात हुशार माणूस लागतो. आमच्याकडे त्याला ऑपरेटरपेक्षा जास्त पगार असतो.

---

लेथवाला

सगळ्यांचे आभार. काल पहिल्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत ऑपरेटरांनाच विचारलं. चाळीस तास, पगार तोच, पण ओटी बंद. बराच वेळ कुणी बोलेना. मग लातूरकडचा एक जण म्हणाला, "साहेब, आठवड्याला एक सुट्टी घेऊन खोलीवर काय करू? पाच जण राहतो. त्यापेक्षा महिन्याच्या सुट्ट्या साठवा आणि जोडून द्या, गावाकडं जाऊन येतो." लगेच आणखी तिघांनी मान हलवली. ज्यांची घरं इथेच आहेत, दिघी-आळंदीकडे, ते मात्र म्हणाले, दर आठवड्याला द्या, गुरुवारला जोडून. आणि ओटी बंद हे कुणालाच नको.

म्हणजे मृण्मयीताईंच्या तासांच्या खात्यासारखं काहीतरी, पण गावच्या जत्रेच्या हिशेबाने. सोयाबीनच्या काढणीला निम्मे तसेही गायब होतातच, ते आता ठरवून होतील.

फॉर्ममध्ये मी असं लिहिणार आहे: ४८ वरून ४४, सुट्टी फिरती आणि साठवता येणारी, एक रिलिव्हर नवा. तेवढ्याने माणसं १९ होतात. (चलनवाला, हसू नका.) बाराही जण ४४ तासांवर आले तर आठवड्याला सहा पाळ्या रिकाम्या. रिलिव्हर साडेपाच भरेल. फर्स्ट पीसची वाट बघण्यात रोज जातात ती मिनिटं वाचवली तर उत्पादन तेवढंच राहायला हरकत नाही. चाळीसवर गेलो तर सध्याच्या दरात जमत नाही, तसं स्पष्ट लिहीन आणि खाली लिहीन, दर ८ टक्के वाढवा, मी ४० करतो. बघू काय म्हणतात.

---

आकडेमोडे

८ कुठून आणले? मजुरी तुमच्या खर्चाच्या किती टक्के आहे?

---

लेथवाला

जॉबवर्क आहे, कच्चा माल गिऱ्हाइकाचा. त्यामुळे मजुरी माझ्या बिलाच्या ४० टक्क्यांच्या आसपास पडते, बाकी वीज, टूल, मशिनचे हप्ते. चाळिसाचे २० टक्के म्हणजे ८.

---

चलनवाला

हिशेब बरोबर. पण ओटी दुप्पट दराने वहीत दाखवणार असाल तरच. ते गिऱ्हाईक फॉर्मवर थांबणार नाही, ऑडिटला माणूस पाठवेल आणि तो ऑपरेटरला बाजूला घेऊन विचारेल.

---

मधली सुट्टी

रिलिव्हरचा पगार काय ठेवताय?

---

लेथवाला

ऑपरेटरच्या वर, सेटरच्या खाली. दुसऱ्या पाळीतला एक जण डोळ्यासमोर आहे, त्याला चार मशिनं येतात. उरलेली दोन फोर्थ ॲक्सिसची आहेत, ती दिवाळीच्या आत शिकला तर त्याच्या जागी नवा ऑपरेटर शोधतो. कुणाच्या ओळखीत फॅनुक कंट्रोलवर काम केलेला आयटीआयवाला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.